मोहगाव आणि परिसर : प्रसिद्धीच्या वाटेबाहेरचा एक मुलूख
(व्याख्यानाचा मजकूर)



नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे निघालेली बस केळवदच्या पुढे राज्याची सीमा ओलांडते, ते प्रवाशाच्या ध्यानात येते केवळ रस्त्यालगतच्या हिंदी फलकांवरून. भोवतालचे शिवार बदलत नाही. तीच काळी जमीन, तोच कापूस, तीच तूर, त्याच संत्र्याच्या बागा. आणि टपरीवर चहा मागितला तर उत्तरही मराठीतूनच मिळते. सौंसर आणि पांढुर्णा या तालुक्यांचा हा मुलूख पूर्वीच्या मध्यप्रांतात नागपूरच्या राजधानीशी बांधलेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्या जिल्ह्यातून हे दोन तालुके काढून २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला.

पर्यटनाच्या दृष्टीने या मुलखाची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. नागपूरकडचा प्रवासी येथून जातो, पण पचमढीस किंवा पातालकोटास पोहोचण्याच्या घाईत. भोपाळकडून येणाऱ्यास हा प्रदेश म्हणजे नागपूर जवळ आल्याची खूण. दोन्हीकडच्या प्रवाशांची वाट येथून जाते. मुक्काम मात्र कोणाचाच पडत नाही. याचा अर्थ येथे पाहण्याजोगे काही नाही, असा करून घेण्याचे कारण नाही.

सौंसरजवळचे मोहगाव, ज्यास मोहगाव हवेली या नावाने ओळखतात, हे त्याचे उत्तम उदाहरण होय. सर्पा नदीच्या काठी येथे अर्धनारीश्वराचे देवालय आहे. दैत्यगुरू शुक्राचार्यांनी या स्थळी तप केले आणि शिव-पार्वती त्यांना एकरूपाने प्रकट झाले, अशी पंचक्रोशीतील भाविकांची श्रद्धा. ग्रामस्थ या स्थानास ज्योतिर्लिंग म्हणतात. बारा ज्योतिर्लिंगांच्या परंपरागत नामावलीत ते आढळत नाही. परंतु त्यावरून वाद घालणाऱ्याने महाशिवरात्रीस किंवा श्रावणातील एखाद्या सोमवारी येथे अवश्य यावे. एरवी मात्र येथे शांतता असते. मोठ्या तीर्थक्षेत्री दर्शनाच्या रांगेत तास न् तास घालविलेल्यास त्या शांततेचे मोल निराळे सांगावयास नको.

मोहगाव हे नाव आणखी एका कारणाने जगाच्या विद्यापीठांत पोहोचलेले आहे, आणि येथेच प्रवाशांचा नेहमी घोटाळा होतो. वनस्पतींच्या जीवाश्मांसंबंधीच्या ग्रंथांत ज्याचा वारंवार उल्लेख येतो ते मोहगाव कलान. ते गाव घाटावर, छिंदवाड्याच्या बाजूस आहे. बिरबल साहनी आणि के. पी. रोडे यांनी तेथील दगडात सापडलेल्या वनस्पतींवर १९३७ साली निबंध प्रसिद्ध केला. निपा नावाच्या ताडवर्गीय झाडाचे फळ तेथे दगड होऊन पडलेले आढळले. हे झाड आज सुंदरबनासारख्या खाडीकाठच्या दलदलीत वाढते. देशाच्या मध्यभागी, समुद्रापासून शेकडो मैल दूर ते कसे आले, या प्रश्नाने अभ्यासकांना पुढे दीर्घकाळ गुंतवून ठेवले.

सौंसरकरांनी मात्र यामुळे हिरमुसण्याचे कारण नाही, कारण त्यांच्या पायाखालचा दगडही त्याच गोत्रातला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरत होते. दोन उद्रेकांच्या मध्ये जो दीर्घ काळ जाई त्यात खोलगट जागी तळी साचत, पाणवनस्पती उगवत, आणि पुढच्या लाव्हाखाली ते सारे गाडले जाई. पाण्यात विरघळलेली सिलिका वनस्पतींच्या पेशीपेशींत शिरली, आणि त्यांचा आकार जसाच्या तसा राहून दगड तयार झाला. सौंसरच्या आसपासच्या अशा दगडांतील वनस्पतींचे वर्णन साहनी आणि राव यांनी १९४३ साली प्रसिद्ध केले. त्यांतील एका पाणवनस्पतीचे शास्त्रीय नावच ‘कारा सौंसरी’ असे आहे. भाताच्या खाचरात खत म्हणून आज जी अझोला सोडतात, तिची एक पूर्वजही याच दगडांत सापडली. त्याहून कितीतरी जुने, मॅंगनीजयुक्त खडक आणि संगमरवर ज्यांत आहेत, त्या खडकांच्या समूहासही भूवैज्ञानिकांनी सौंसरचेच नाव दिले आहे. ज्या तालुक्याच्या गावाचे नाव परदेशातील भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यास पाठ असते, त्या गावी उतरलेल्या प्रवाशास यातील अवाक्षरही सांगणारा एखादा साधा फलक असावा, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. जीवाश्म हा घरी नेऊन कपाटात ठेवण्याचा पदार्थ नव्हे. जागेवरून उचललेला दगड आपल्या थराची साक्ष गमावून बसतो, आणि मग तो केवळ शोभेचा गोटा उरतो. मध्य प्रदेशातच दिंडोरी जिल्ह्यात घुघुआ येथे १९८३ साली जीवाश्मांचे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील वडधम येथेही तसे उद्यान आहे. सौंसरला इतका मोठा व्याप करावयास हवा असे नाही. शाळेच्या एका खोलीत चार नमुने, त्यांवर मराठी-हिंदी टिपणे आणि ती समजावून देणारा एक शिक्षक एवढ्याने आरंभ होऊ शकतो.

या भागाची प्रसिद्धी होते ती वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. पांढुर्णा आणि सावरगाव यांमधून वाहणाऱ्या जाम नदीत पळसाचे झाड रोवून दोन्ही काठांवरून होणारी गोटमार त्या दिवशी देशभरच्या वृत्तपत्रांत येते. तीत माणसे जखमी होतात, काही दगावलीही आहेत. तेव्हा ‘अनोखा उत्सव’ म्हणून तिची जाहिरात करणे कोणत्याही प्रसिद्धी खात्यास शोभणारे नाही. परंतु वर्षाचे उरलेले दिवसही याच गावी उजाडतात, याचा वृत्तपत्रांस विसर पडतो. सौंसरच्या विणकरांची हातमागावरील लुगडी त्या दिवसांत विणली जातात. मृगबहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि आंबियाची नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्या दिवसांत उतरतात. मोठ्या भाविकवर्गाचे स्थान हवे असेल तर पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंताचे जामसावळी जवळच आहे. तेथे गर्दीची सवय ठेवून जावे.

सौंसर सोडून उत्तरेस निघाले की रामाकोनानंतर सिल्लेवानीचा घाट लागतो. येथे सातपुडा एकदम अंगावर येतो, आणि घाटाच्या माथ्यावर बोलीही बदलू लागते. पूर्वी नागपूर-छिंदवाडा छोट्या गाडीतून हा चढ चढणे हाच एक प्रवास असे. तो मार्ग २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाला आणि आज तेथे मोठे रूळ आहेत. रामाकोना आणि उमरानाला यांच्या दरम्यान कुकडीखापा हा सुमारे ६० फुटांचा धबधबा आहे, आणि मोहखेड-पांढुर्णा रस्त्यावर नारायणघाटाजवळ कन्हान नदीवर लिलाही. दोन्ही पावसाळ्याचे सोबती. उन्हाळ्यात जाणाऱ्याची निराशा ठरलेली. मोहखेडच्याच बाजूस देवगडचा किल्ला आहे. नागपूर शहराची पायाभरणी करणारा गोंड राजा बख्त बुलंद याचे घराणे या गडावरचे, ही गोष्ट नागपूरच्या शाळकरी मुलांच्या सहलीस पुरेशी असावी. तरी तिकडे वळणाऱ्या सहली थोड्याच.

अतिप्रसिद्ध स्थळांना गर्दी कशी जाचते याचे दाखले दूरदेशीही आहेत. व्हेनिस शहराने २०२४ साली एका दिवसापुरत्या येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क बसविले. मोहगावास तसली चिंता नाही. त्याची अडचण उलटी आहे : आलेल्यास दोन तास थांबविण्याची सोय नाही. त्यासाठी मोठे विश्रामगृह उभारण्याची घाई करण्यापेक्षा स्वच्छ प्रसाधनगृह, पिण्याचे पाणी, बसच्या वेळांचा वाचता येईल असा तक्ता आणि गावची माहिती सांगू शकणारे तीन-चार तरुण अधिक उपयोगी पडतील. देवळाच्या जुन्या दगडावर तैलरंगाचा हात फिरविण्याचा मोहही आवरावा.

नागपूरहून सौंसर साठ-पासष्ट किलोमीटर. पांढुर्णा मुंबई-हावडा मार्गावर नसले तरी नागपूर-इटारसी या मुख्य लोहमार्गावर आहे, म्हणून आगगाडीने येणाऱ्याने तेथे उतरावे. सकाळी निघालेल्याने मोहगावचे दर्शन, दुपारी कोणाच्या बागेत रोडगे आणि वांग्याची भाजी, व उन्हे कलल्यावर सिल्लेवानीचा घाट असा बेत आखल्यास संध्याकाळी नागपुरास परतता येते. जानेवारी-फेब्रुवारीत जाणाऱ्याने मोटारीच्या काचा खाली ठेवाव्यात. तेव्हा आंबियाच्या मोहोराचा वास रस्त्यावरच येतो.