भाड्याने दिलेल्या घराचा विमा

आयुष्याची पुंजी घालून बांधलेल्या दोन-चार खोल्यांचे भाडे हा अनेक निवृत्त शिक्षकांचा व कर्मचाऱ्यांचा उतारवयातील आधार असतो. १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात शिरलेले पाणी यांनी असा आधार एका दिवसात कसा नाहीसा होतो हे दाखवून दिले. म्हणून विमा हवा. परंतु तो हप्ता पाहून नव्हे, तर नुकसान पाहून निवडला पाहिजे.

पहिली गोष्ट विमा रकमेची. जागेचा बाजारभाव म्हणजे विमा रक्कम नव्हे, कारण त्यात जमिनीची किंमत असते. पुन्हा बांधकाम करण्यास येणारा खर्च हाच खरा आधार होय. ६०० चौरस फुटांचे घर चौरस फुटास २,००० रुपये दराने बांधावे लागणार असेल, तर १२ लाखांचा विमा हवा.

दुसरी गोष्ट भाड्याची. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित विमापत्रात आग, भूकंप, वादळ व पूर यांबरोबरच, अशा आपत्तीने घर राहण्यास अयोग्य झाल्यास बुडणाऱ्या भाड्याचाही अंतर्भाव आहे. भाडेकरूने थकविलेले भाडे मात्र त्यात येत नाही. तसेच नेहमीच्या झिजेची दुरुस्तीही येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ अन्वये ती जबाबदारी घरमालकाचीच आहे.

तिसरी गोष्ट वापराची. हे विमापत्र निवासी घरांसाठी आहे. दुकानाच्या गाळ्यांसाठी, मग ते ग्रामपंचायतीचे का असेनात, निराळे विमापत्र घ्यावे लागते. तेथे २० लाखांच्या गाळ्यांचा विमा १० लाखांचाच उतरविला, तर ४ लाखांच्या नुकसानीपोटी सुमारे २ लाखच पदरात पडतात. राहत्या खोलीत पुढे दुकान थाटले गेल्यास ते विमा कंपनीस कळविणे अगत्याचे आहे. न कळविल्यास भरपाई नाकारली जाऊ शकते.

शेवटची गोष्ट भाडेकरूची. घरमालकाचा विमा इमारतीचा असतो. भाडेकरूच्या सामानाला त्याचे संरक्षण नसते. भाडेकरूने आपला स्वतंत्र विमा घ्यावा, असे भाडेकरारातच नमूद केल्यास आपत्तीच्या वेळी उभयतांत कटुता येणार नाही.

विमापत्र हाती येताच त्यातील विमा रक्कम, वापराचा प्रकार व वगळलेल्या बाबी वाचून घ्याव्यात. पाणी घरात शिरल्यावर ते वाचण्यात अर्थ उरत नाही.