नत्र : किती, केव्हा आणि कशासाठी



पाऊस लागून पऱ्हाटी चार-सहा पानांवर आली, की यवतमाळ, दारव्हा, वणी, पांढरकवडा, कुठल्याही बाजारात युरियाची विचारपूस सुरू होते. शेजाऱ्याचे शेत हिरवेगार दिसले, की आपल्यालाही वाटते, आणखी एक पोते टाकावे. पण हिरवेपणा म्हणजे उत्पन्न नव्हे. हा फरक कळण्यासाठी नत्र झाडाच्या अंगात काय करते, ते पाहू.

पानातले हरितद्रव्य नत्रावाचून तयार होत नाही, आणि उन्हाच्या बळावर अन्न शिजवणारे तेच. झाडातली प्रथिनेही नत्रावाचून बनत नाहीत. नत्र कमी पडले, की झाड जुन्या पानांतले नत्र काढून कोवळ्या शेंड्याकडे पाठवते. घरातली वडील माणसे आपल्या ताटातला घास लेकरांना देतात ना, तसेच. म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. उलट वरची कोवळी पाने आधी पिवळी दिसली, तर उणीव बहुधा लोहाची किंवा गंधकाची असते. तिथे युरिया टाकून गुण येत नाही. बोंडे भरताना येणाऱ्या लाल्यातही नत्राबरोबर मॅग्नेशियमचा प्रश्न असतो. तेव्हा पोते फोडण्याआधी पान वाचावे.

आता एक नवल सांगतो. हवेत शेकडा ७८ भाग नत्रच आहे, पण ते झाडाला घेता येत नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. ती मिठी सोडवून नत्रापासून अमोनिया करण्याची रीत जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली दाखवली आणि १९१३ साली तिचा कारखाना सुरू झाला. त्याला प्रचंड उष्णता आणि दाब लागतो. तेच काम सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू निमूटपणे करतात.

शिक्षकांनी हे मुलांना जरूर दाखवावे. दीड महिन्याचे सोयाबीनचे झाड मातीसकट अलगद उपटा, मुळे धुवा, एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला, तर गाठ कामावर आहे असे समजा. कपाशीत तुरीच्या ओळी टाकण्याची आपली जुनी रीतही शहाणपणाची आहे. तुरीची गळालेली पाने जमिनीला काही नत्र परत देतात.

आता मापाचे बोलू. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते, म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत युरिया वरच पडून राहिला, तर त्याचा अमोनिया होऊन बराच भाग हवेत जातो. म्हणून तो ओलीवर, हप्त्याहप्त्याने, ओळीजवळ द्यावा आणि डवऱ्याने मातीआड करावा. शेतात पाणी साचून पीक पिवळे पडले असेल, तर आधी पाणी काढावे, वाफसा येऊ द्यावा, मगच खताचा विचार करावा. किती द्यायचे, ते माती तपासून ठरवावे.

नत्र जास्त झाले, की पऱ्हाटी माजते. पाने लुसलुशीत होतात, मावा-तुडतुडे वाढतात, खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, पात्या गळतात. मग फवारणीचा खर्च येतो, आणि खर्चाहून मोठा धोकाही. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते नत्रानेच घडले असे मी म्हणत नाही; कारणे अनेक होती. पण डोक्याएवढ्या उंच, दाट कपाशीत फवारताना औषध अंगावर आणि श्वासात येते, हे त्या साली सर्वांनी पाहिले. पीक आटोक्यात ठेवणे हे माणसाच्या जिवासाठीही गरजेचे आहे.

म्हणून पुढच्या वेळी खताच्या दुकानी जाण्याआधी बांधावर उभे न राहता शेतात उतरा. खालचे पान पाहा, वरचे पान पाहा, मूठभर मातीची ओल पाहा. एवढे करून मगच किती पोती आणायची ते ठरवा.