कार्यालयातील संगणक आणि आपोआप सुरू होणारे प्रोग्राम

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



नमुना ८ च्या उताऱ्यासाठी ग्रामपंचायतीत आलेला शेतकरी आणि विद्यार्थ्यांची माहिती भरण्यासाठी शाळेत बसलेले गुरुजी, या दोघांनाही सकाळी एक अनुभव हमखास येतो. संगणकाचे बटण दाबले जाते, पडद्यावर चित्र उमटते. परंतु पुढची काही मिनिटे यंत्र कोणत्याही आज्ञेस दाद देत नाही. मग ‘संगणक जुना झाला, नवा मिळावा’ असा शेरा लिहिला जातो. तो शेरा लिहिण्यापूर्वी, संगणक सुरू होताच त्याच्यावर कोण कोण तुटून पडते हे पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

आपण एखादा प्रोग्राम बसवितो तेव्हा तो पुष्कळदा संगणकाबरोबर आपोआप सुरू होण्याची स्वतःची व्यवस्था करून ठेवतो. दूरदृश्य बैठकीचा प्रोग्राम, प्रिंटरचा मदतनीस, फाइली इंटरनेटवर साठविणारा प्रोग्राम, अशी ही मंडळी असतात. बैठक महिन्यातून एकदा. प्रोग्राम मात्र रोज हजर! जुन्या संगणकातील फिरती हार्ड डिस्क एका वेळी एकाच ठिकाणची माहिती वाचू शकते. दहाजणांनी एकदम मागणी केली की तिची नुसती धावपळ होते. एसएसडी असलेल्या यंत्रात हा त्रास बराच कमी जाणवतो.

विंडोज संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘स्टार्टअप’ हा भाग असतो. विंडोज ११ मध्ये त्यास ‘स्टार्टअप ॲप्स’ म्हटले आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून ही सोय येथे आली. यादीत प्रोग्रामचे नाव, तो तयार करणारी संस्था आणि सुरुवातीवर पडणारा भार दिसतो. ‘हाय’ असा शेरा असेल, तर त्या प्रोग्रामने सुरुवातीलाच प्रोसेसरचा १ सेकंदाहून अधिक वेळ घेतला, किंवा डिस्कवर ३ एमबीहून अधिक वाचन-लेखन केले, असे समजावे. नावावर उजवी कळ दाबून ‘डिसेबल’ निवडले की तो आपोआप सुरू होणे थांबते. प्रोग्राम पुसला जात नाही. लागेल तेव्हा तो हाताने उघडता येतो.

मात्र सरसकट सर्व बंद करणे हा उपाय नव्हे. विषाणूरोधक प्रोग्रामला हात लावू नये. मराठी टंकलेखनासाठी वेगळा प्रोग्राम बसविला असेल, तर तो राहू द्यावा. सर्वांत जपावयाचे ते डिजिटल स्वाक्षरीच्या डोंगलचे साहाय्यक प्रोग्राम. ई-ग्रामस्वराज प्रणालीतून होणारी देयके सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांवर अवलंबून असतात. तो प्रोग्राम कोणी नकळत बंद केला, तर स्वाक्षरी होत नाही, आणि ज्याने काम पुरे केले आहे त्याचे पैसे अडून राहतात. दोन मिनिटे वाचविण्यासाठी एवढी किंमत कोणी देऊ नये.

यास्तव एका वेळी एकच प्रोग्राम बंद करावा. काय बंद केले, कोणी केले आणि कोणत्या तारखेस, हे वहीत लिहावे. त्यानंतर ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करावे. कारण जलद सुरुवातीची सोय चालू असल्यास शट डाउन केल्यावरही प्रणालीची काही स्थिती जपून ठेवली जाते. मग घड्याळ लावून वेळ मोजावा, आणि स्वाक्षरी, छपाई व मराठी टंकलेखन करून पाहावे. अडचण आल्यास तोच प्रोग्राम पुन्हा ‘एनेबल’ करता येतो.

यादीत अनोळखी नाव दिसले, तर विषाणूरोधकाकडून तपासणी करून घ्यावी. उपद्रवी प्रोग्रामही याच मार्गाने रोज परत येतात. निर्मात्याचे नाव कोरे आहे म्हणून प्रत्येक प्रोग्राम चोर ठरत नाही, हेही खरे. बंद केलेले काही प्रोग्राम नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा चालू होतात; म्हणून महिन्यातून एकदा यादी पाहणे बरे.

एवढ्याने प्रत्येक जुने यंत्र तरुण होईल, असे मी म्हणत नाही. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. तेथे प्रश्न गतीपेक्षा सुरक्षिततेचा आहे. यादी आवरूनही संगणक रखडत असेल, तर प्रथम फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविण्याचा विचार करावा. त्यानंतरही नव्या यंत्राची मागणी करणे भाग पडले, तर वहीतील मिनिटांची नोंद प्रस्तावासोबत जोडावी.