काच सांधायची की बदलायची?

(वसंत व्याख्यानमालेत तळेगाव दाभाडे येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर संतसाहित्य होतं, इतिहास होतो, अर्थसंकल्पाची चिरफाड होते. त्या रांगेत मोटारीच्या पुढच्या काचेला गेलेला तडा बसवायचा म्हणजे जरा धाडसच. पण ते करायचं तर तळेगावात. १९०८ साली लोकांकडून पैसा पैसा गोळा करून इथं पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. पलीकडे चाकणला आज मोटारींच्या काचा बनतात आणि त्या फुटायच्या कशा, हे गावाशेजारून जाणारा द्रुतगती मार्ग रोज शिकवतो. मघाशी मी विचारलं, किती जणांच्या काचेवर टवका आहे? निम्मे हात वर आले. त्यातल्या कितीजणांनी त्याचं काही केलं, असं विचारल्यावर मात्र सगळे हात खाली गेले. आजचं व्याख्यान त्या खाली गेलेल्या हातांसाठी आहे.

काच दुरुस्त करायची की बदलायची, हा निर्णय आपण सवडीनं घेऊ, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात टवका उडाल्यापासून पहिले काही दिवसच तो आपल्या हातात असतो. पुढे ऊन, पाऊस आणि रस्त्यावरचे खड्डे तो परस्पर घेऊन टाकतात आणि त्यांचा निकाल नेहमी एकच असतो: बदला.

हे का होतं, ते समजायला काच आतून बघावी लागेल. मोटारीच्या बाजूच्या काचा बहुधा टफन्ड असतात. तापवून झटकन गार केल्यामुळे त्यांच्यात ताण कोंडलेला असतो. फुटल्या की त्यांचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात, दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही. पुढची काच वेगळी. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० वा नियम सांगतो की ती लॅमिनेटेडच हवी. म्हणजे साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पाऊण मिलिमीटरचा थर. ही कल्पना एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाची. १९०३ साली त्याच्या प्रयोगशाळेत एक चंबू खाली पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता, त्यानं तुकडे धरून ठेवले होते. १९०९ मध्ये त्यानं पेटंट घेतलं.

डंपरच्या चाकातून उडालेली खडी या तीन थरांपैकी बहुतेक वेळा फक्त बाहेरच्या काचेला इजा करते. मधलं प्लॅस्टिक आणि आतली काच शाबूत राहते, म्हणून तर दुरुस्ती शक्य होते. खडीचा मार किती, ते वेगावर ठरतं. वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो. गावातल्या रस्त्यावर काचेवरून नुसती टणकन उडून गेलेली खडी ताशी १०० किलोमीटरला टवका काढते. उघड्या खडीच्या डंपरमागे चिकटून गाडी चालवू नका, हा आजचा सगळ्यात स्वस्त सल्ला.

आता तडा का वाढतो? इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात ए. ए. ग्रिफिथ नावाचा इंजिनिअर होता. १९२० च्या सुमारास त्यानं एक कोडं सोडवलं. काचेतल्या अणूंचे बंध मोजले तर काच कितीतरी पटींनी मजबूत असायला हवी, मग ती इतक्या सहज का फुटते? त्याचं उत्तर होतं, तिच्यावरच्या बारीक चिरांमुळे. पसरलेला सगळा ताण चिरेच्या टोकाशी येऊन गोळा होतो. कापडवाला कापड फाडण्याआधी काठाला कात्रीनं एक खाच देतो आणि मग ते टरकन फाटतं, तसंच हे. टोक जितकं तीक्ष्ण, तितका ताण जास्त.

शिवाय काचेच्या बाबतीत पाणी वैरी आहे. चिरेच्या टोकाशी ताणलेले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध पाण्याच्या रेणूंमुळे सुटतात आणि चीर मुंगीच्या पावलानं पुढे सरकत राहते. मग मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीवर कुणीतरी गार पाण्याचा पाइप सोडतो किंवा जुलैत बाहेर पाऊस आणि आतून काचेवर गरम हवा, अशी स्थिती येते. काचेचा एक पृष्ठभाग आकसतो, दुसरा आकसत नाही. महिनाभर गप्प बसलेला टवका एका क्षणात हातभर धावतो. लोक म्हणतात, ‘काही लागलं नाही हो, आपोआपच गेली.’ आपोआप नाही. तयारी महिनाभर चालू होती.

दुरुस्तीत काय करतात, ते मी सोमाटण्याच्या बाजूला एका शेडमध्ये जवळून पाहिलंय. कारागिरानं आधी काचेच्या आतल्या बाजूला छोटा आरसा चिकटवला, म्हणजे बाहेर उभं राहून खोली कळते. बारीक सुईनं टवक्यातला काचेचा चुरा काढला आणि हलकी ऊब देऊन ओल घालवली. मग चूषकांच्या पायांचा एक छोटा सांगाडा त्या जागी बसवला आणि त्याच्या नळीत रेझिनचे दोन थेंब सोडले. यानंतर आळीपाळीनं नळीतली हवा खेचायची आणि रेझिन दाबायचं. टवक्यातून निघालेले चांदणीचे काळपट पाय एकेक करून टोकापासून नाहीसे होताना दिसतात. रेझिन प्रकाशाला जवळपास काचेइतकंच वाकवतं, त्यामुळे भरलेली भेग डोळ्यांना दिसेनाशी होते. शेवटी अतिनील दिवा, तो रेझिन कडक करतो. वर आलेला भाग पात्यानं तासला की झालं. सगळं अर्ध्यापाऊण तासात.

काम झाल्यावर जवळून पाहिलं तर एक फिकट ठिपका राहतोच. लोक तिथं नाराज होतात. पण दुरुस्तीचा हेतू काच नवी करणं हा नाहीच. चिरेच्या टोकाशी साठणारा ताण वाटून टाकायचा, पाण्याची वाट बंद करायची, म्हणजे ती पुढे सरकत नाही. दिसणं सुधारतं तो वरचा नफा.

तर निर्णय कसा घ्यायचा? मी चार प्रश्न विचारतो.

पहिला, कुठे? ड्रायव्हरच्या नजरेसमोर असेल तर भरलेला ठिपकाही रात्री समोरच्या दिव्यांत चमकतो. ब्रिटनच्या वार्षिक वाहन तपासणीत यासाठी मापच ठरलेलं आहे. स्टीअरिंगच्या समोरच्या २९० मिलिमीटर रुंद पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठी इजा चालत नाही, वायपर फिरतो त्या उरलेल्या भागात ४० मिलिमीटरपर्यंत चालते. आपणही हे माप मनात धरायला हरकत नाही. दुसरी नाजूक जागा काठ. काचेला बाक देताना काठाशी ताण उरलेले असतात आणि गाडीच्या सांगाड्याचा प्रत्येक पीळ काठातूनच काचेत उतरतो. म्हणून काठाच्या दोनेक इंचांच्या आत आलेली चीर भरली तरी बेभरवशाची.

दुसरा, किती खोल? आतल्या बाजूनं नख फिरवा. नख अडलं तर आतली काचही गेली आणि मग दुसरा विचार नको, बदला. मधला थर पांढुरका दिसू लागला असेल तरी बदला.

तिसरा, किती मोठी? गॅरेजातला ठोकताळा म्हणजे रुपयाच्या नाण्याखाली झाकला जातो तो टवका भरण्याजोगा. चिरेच्या बाबतीत मतं वेगळी आहेत. अमेरिकेतल्या दुरुस्तीच्या मानकात १४ इंचांपर्यंतच्या चिरा बसतात. आपल्याकडे बहुतेक कारागीर वीतभर चीर पाहूनही मान हलवतात. त्यांच्याकडे लांब चिरेची साधनं आहेत का, ते विचारा. नसतील तर त्यांचा नकार रास्त आहे.

चौथा प्रश्न, किती जुनी? हा कुणी विचारत नाही, पण माझ्या मते बाकी तिघांवर मात करणारा हाच. टवक्यात धूळ, वायपरचं साबणपाणी, गाडी चमकवायचं मेण गेलं की रेझिन काचेला धरत नाही. तेव्हा टवका उडाला की त्याच दिवशी पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि गाडी धुणाऱ्याला सांगून ठेवा. घरगुती इलाज म्हणून त्यात झटपट चिकटणारा डिंक अजिबात भरू नका. तो आत घट्ट होऊन बसतो आणि खऱ्या रेझिनची वाट कायमची बंद करतो.

यावर कुणी म्हणेल, एवढं कशाला, विमा आहे ना, नवी काच घालून टाकू. या वाक्याचा हिशोब मांडू. आपल्याकडच्या सर्वसमावेशक पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत, त्यामुळे काच जवळजवळ फुकट मिळाल्यासारखी वाटते. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला सक्तीचे १००० रुपये आपल्या खिशातून जातात, त्यावरच्या गाडीला २०००. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. तो वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो. समजा तुम्ही ५० टक्क्यांवर पोचला आहात आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे. क्लेमनंतर पहिल्या वर्षी सूट शून्य, म्हणजे ५००० गेले. पुढची चार वर्षं ३०००, २५००, १५०० आणि ५००. बेरीज साडेबारा हजार. गाडीची किंमत घटते तसा हप्ता उतरतो, म्हणून आकडा थोडा कमी धरा. तरी लहान गाडीच्या काचेच्या बिलाशेजारी तो ठेवून बघा. बोनस सांभाळणारं जोडकलम तुमच्या पॉलिसीत असेल तर गणित बदलेल, पण ते आहे की नाही हे काच फुटण्याआधी वाचलेलं बरं.

आणखी एक गोष्ट बिलात दिसत नाही. कारखान्यात बसवलेली काच पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्यानं सांगाड्याशी एकजीव केलेली असते. गाडी उलटली तर टप तोलण्यात तिचा वाटा असतो. शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग अनेक गाड्यांत काचेवर आपटून मग प्रवाशाकडे वळते. काच बदलायची म्हणजे हा जोड कापायचा. कापताना पत्र्यावर ओरखडा पडला आणि त्यावर प्रायमर लावला नाही तर तिथं गंज धरतो आणि दोन पावसाळ्यांनी पायाखालची कार्पेट ओली लागते. चिकटद्रव्य वाळायला हवेतला दमटपणा लागतो, वेळ लागतो. गाडी किती वेळानं हलवायची, हे द्रव्याच्या डब्यावर लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. त्या दिवशी दारं दणादण आपटू नका, एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवा. एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांत आरशामागे कॅमेरा असतो, रस्त्याच्या रेषा ओळखणारा. काच बदलली की त्याचं कॅलिब्रेशन आलंच, नाहीतर त्याची नजर तिरकी होते. फास्टॅग आणि नंबरप्लेटबरोबरचं तिसरं स्टिकर काढताना फाटतं, ते नव्यानं घ्यावं लागतं. नव्या काचेच्या कोपऱ्यावर आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा आकडा आहे ना, ते बघा.

म्हणजे बदलू नका असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. ज्या काचेतून समोरचा माणूस दुभंगलेला दिसतो, ती घेऊन घाट उतरणं हा काटकसरीचा भाग नव्हे. चार प्रश्नांपैकी पहिल्या दोहोंपैकी एकाचंही उत्तर वाईट आलं तर विमा, बोनस सगळं बाजूला ठेवून काच बदलून घ्या. पण बहुतेक टवके जन्मतः दुरुस्तीचेच असतात. ते बदलण्याच्या यादीत जातात ते आपल्या ‘बघू’मुळे. यात कुणाचा कट नाही. दुरुस्तीचं बिल लहान असल्यानं ती सुचवण्यात कुणाला फारसा रस नसतो, एवढंच. म्हणून ती आपल्यालाच मागावी लागते आणि वेळेवर मागावी लागते.

आता मे संपत आलाय. मृगाचा पाऊस यायला फार दिवस नाहीत. मघाशी ज्यांचे हात वर आले होते, त्यांनी उद्या सकाळी गाडी सावलीत लावून काचेच्या आतून नख फिरवावं, काठापासूनचं अंतर मोजावं आणि कोरड्या हवेत काम उरकून घ्यावं. फाटकाबाहेर जाताना कुणाला शंका असेल तर मी थांबतो, आपण तुमच्या काचा बघू. टॉर्च आणली आहे.