मुके झालेले वाद्य आणि निदानाची शिस्त

पेटीच्या एखाद्या पट्टीतून सुराबरोबर फुसफुस येऊ लागली, म्हणून जाणता कारागीर लगेच भाता उकलायला बसत नाही. तो तीच पट्टी पुन्हा दाबून पाहतो, शेजारची दाबतो, स्टॉप एकेक मिटून पाहतो. दोष एका सुरापुरता आहे की साऱ्या पेटीचा, हे त्याला अगोदर ठरवायचे असते. संगणकावर संगीत ध्वनिमुद्रित करणाऱ्याला हीच शिस्त अंगी बाणवावी लागते; कारण त्याची वाद्येही मुकी होतात, अडखळतात आणि कधी सारे काम घेऊन बुडतात.

संगीतनिर्मितीचे सॉफ्टवेअर हे जणू एक ध्वनिमुद्रणगृह होय, आणि ‘प्लगइन’ म्हणजे त्या गृहात बाहेरून आणून बसविलेले उपकरण. एक प्लगइन गायकाच्या आवाजाला गाभाऱ्याचा घुमारा देते, दुसरे आवाजाची चढउतार आटोक्यात ठेवते, तर तिसरे स्वतःच वाद्य बनून वाजते. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये आपल्या क्यूबेस या सॉफ्टवेअरबरोबर व्हीएसटी नावाची पद्धत आणली आणि बाहेरच्या कारागिरांनाही अशी उपकरणे घडविण्याची वाट मोकळी झाली. तिची दुसरी आवृत्ती १९९९ मध्ये आणि तिसरी २००८ मध्ये आली. ॲपलने ‘ऑडिओ युनिट्स’ ही आपली निराळी पद्धत केली. प्रो टूल्सने एएएक्स स्वीकारली. घर एकाचे, उपकरण दुसऱ्याचे आणि जागा तिसऱ्याच्या संगणकावरची. बहुतेक तक्रारींचे मूळ या तिघांच्या न जुळण्यात असते.

पहिली तक्रार अशी, की प्लगइन बसविले, पण ते यादीत दिसतच नाही. अशा वेळी प्रथम पद्धत पाहावी. लॉजिक प्रो हे सॉफ्टवेअर ऑडिओ युनिट्सच ओळखते; तेथे व्हीएसटीची फाइल कितीही वेळा बसविली तरी व्यर्थ. मग जागा पाहावी. विंडोजवर व्हीएसटीच्या तिसऱ्या आवृत्तीची प्लगइन्स ‘कॉमन फाइल्स’मधील ठरलेल्या फोल्डरात असावी लागतात, भलत्याच फोल्डरात पडलेले प्लगइन सॉफ्टवेअरला सापडत नाही. त्यानंतर वय पाहावे. ॲपलने २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून ३२ बिटांचे सॉफ्टवेअर चालविणे बंद केले आणि २०२० पासून संगणकात स्वतःचे प्रोसेसर घातले. इंटेलच्या प्रोसेसरसाठी लिहिलेली जुनी प्लगइन्स या नव्या यंत्रांवर चालतात ती पुष्कळदा रोझेटा नावाच्या दुभाष्याच्या मदतीने. शिवाय तपासणीच्या वेळी एकदा कोसळलेले प्लगइन अनेक सॉफ्टवेअरे वर्ज्य यादीत टाकून ठेवतात. नवी आवृत्ती आणल्यावरही त्या यादीतून त्याची सुटका करून पुन्हा तपासणी करविल्याशिवाय ते दिसत नाही.

दुसरी तक्रार अधिक धास्तीची. गाणे उघडताच सॉफ्टवेअर कोसळते. येथे घाबरून सगळेच काढून पुन्हा बसविणे, हा सर्वांत महाग आणि सर्वांत कमी शिकविणारा उपाय होय. त्याऐवजी मूळ गाण्याची प्रत बाजूला ठेवावी, कोरे नवे गाणे उघडावे आणि संशयित प्लगइन एकटेच त्यात लावावे. तेथेही ते कोसळले, तर संशय त्याच्यावरच बळावतो. तेथे नीट चालले, तर कारण त्या विशिष्ट गाण्यात शोधावे. संशयित कोण हेच ठाऊक नसेल, तर निम्मी प्लगइन्स तात्पुरती दूर करावीत. दोष उरला तर तो राहिलेल्या निम्म्यांत, गेला तर काढलेल्या निम्म्यांत. अपराधी एकच असेल, तर बत्तीस प्लगइन्समधून तो हुडकायला पाच पायऱ्या पुरतात. मात्र एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले, की दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिलाच पाढा.

तिसरी तक्रार थेट कलावंताला भिडणारी आहे. आवाजात कडकड होते, किंवा गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो. संगणक ध्वनी नमुन्यांच्या लहान गठ्ठ्यांनी हाताळतो; त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने धरले, तर २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा आणि १,०२४ नमुन्यांचा सुमारे २१.३ मिलिसेकंदांचा होतो. येता-जाता दोन्ही वेळा हा विलंब लागतो. बफर लहान केला तर विलंब घटतो, पण संगणकाला दम लागून कडकड होते; मोठा केला तर कडकड थांबते, पण विलंब वाढतो. म्हणून गाताना बफर लहान आणि मागाहून मिश्रण करताना मोठा, अशी वहिवाट आहे.

तरीही विलंब हटला नाही, तर एखादे प्लगइन त्याला कारण असते. काही प्लगइन्स पुढे येणारा ध्वनी आधी पाहून मगच काम करतात. त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर इतर ट्रॅकनाही थांबवून ठेवते. असे एक प्लगइन मिश्रणाच्या मुख्य वाटेवर राहून गेले, की गायिका तबल्याच्या समेवर नेमकी येऊनही तिच्या कानाला ती चुकल्यासारखी वाटते. ती आवाज सावरते, पुन्हा गाते, थकते, आणि शेवटी आपल्या लयीवरचाच तिचा विश्वास उडतो. दोष यंत्राचा आणि शिक्षा गळ्याला! म्हणून कलावंताला पुन्हा गायला सांगण्यापूर्वी ध्वनिमुद्रकाने ती प्लगइन्स बंद करून पाहणे, हे त्याचे कर्तव्यच होय.

शेवटची गोष्ट दुरुस्तीची नव्हे, जपणुकीची. गाण्याच्या फाइलमध्ये प्लगइन स्वतः नसते. असते ते केवळ त्याचे नाव आणि त्याच्या खुंट्या कोठे वळविल्या होत्या याची नोंद. उद्या प्लगइन घडविणारी कंपनी बंद पडली किंवा संगणक बदलला, की ती नोंद उरते आणि सूर हरपतो. यासाठी काम संपताच प्रत्येक ट्रॅक साध्या ध्वनिफाइलच्या रूपात, सर्वांचा आरंभ एकाच बिंदूवर ठेवून, उतरवून घ्यावा. वापरलेल्या प्लगइन्सच्या आवृत्त्या टिपून ठेवाव्यात. आणि काम अर्धवट असताना नव्या आवृत्तीचा मोह आवरावा.

पेटीचा जाणता कारागीर ओळखला जातो तो हत्यारांच्या संख्येवरून नव्हे; हत्यार उचलण्यापूर्वी तो किती वेळ ऐकतो, यावरून. संगणकापुढे बसलेल्या ध्वनिमुद्रकाची पारखही याहून निराळी नाही.