दम लागतो म्हणून बसू नका, दम सांभाळून चाला

(युवक शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग करून गेली बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. आज मात्र फुफ्फुसाबद्दल बोलणार आहे. त्याचं कारण माझ्या घरात आहे आणि इथे बसलेल्या अनेकांच्या घरात ते असेल.

माझे अब्बा इचलकरंजीत यंत्रमागावर काम करायचे. सतराव्या वर्षी कारखान्यात गेले आणि साठी जवळ आल्यावर बाहेर पडले. आयुष्यात विडी ओढली नाही. तरीही आज त्यांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना तो होऊ शकतो. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायकांना होतो. जुना टीबी बरा झाल्यावरही फुफ्फुसाचं नुकसान मागे राहू शकतं. धूम्रपान हे मोठं कारण आहेच, पण एकमेव नाही. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला, त्यात हीच कारणं मांडली आहेत. भारतात मृत्यूच्या कारणांमध्ये हृदयविकारानंतर या आजाराचा क्रमांक लागतो. आपल्या मोहल्ल्यात मात्र या सगळ्याला एकच शब्द आहे, 'दमा'. आणि त्यावरचा सल्लाही एकच, 'चाचा, तुम्ही बसा. उठू नका. मी आणून देतो.'

या प्रेमळ सल्ल्याबद्दलच मला आज बोलायचं आहे, कारण तो माणसाला हळूहळू अपंग करतो.

कसं ते सांगतो. सीओपीडीमध्ये अडचण हवा आत घेण्यापेक्षा ती बाहेर सोडण्यात जास्त असते. अरुंद नळीतून हवा बाहेर पडायला वेळ लागतो. माणूस घाईने चालला की श्वास जलद होतो, सोडायला वेळ कमी पडतो, आधीची हवा आत असतानाच पुढची येते. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर एक काम संपवण्याआधीच पुढची दोन येऊन रांगेत थांबतात आणि रांग वाढतच जाते. छाती फुगलेली राहते, नवीन हवेला जागा उरत नाही. आपण म्हणतो, 'जीव घाबरला.'

घाबरलेला माणूस चालणं कमी करतो. चालणं कमी झालं की मांड्यांचे स्नायू बारीक होतात. असे दुबळे स्नायू थोड्याशा कामातच थकतात, लवकर आम्ल तयार करतात, आणि ते निस्तरायला शरीर आणखी जास्त श्वास मागतं. म्हणजे काल मशिदीपर्यंत चालून जेवढा दम लागायचा, तेवढा आज दारापर्यंत लागतो. मग माणूस दारापर्यंतही जात नाही. घरच्यांना वाटतं आजार वाढला. आजार थोडा वाढलेला असेलही, पण बरंचसं नुकसान बसून राहण्याने झालेलं असतं. फुफ्फुसाचं गेलेलं परत येत नाही. पायांचं येतं. सगळी आशा या एका वाक्यात आहे.

या विचाराला आता सत्तर वर्षं झाली. १९५० च्या दशकापर्यंत डॉक्टरही अशा रुग्णांना विश्रांतीच सांगायचे. मग अमेरिकेत अल्व्हन बराक यांनी रुग्णांना चालवायला हवं असं मांडलं आणि १९६० च्या दशकात डेन्व्हरला थॉमस पेटी यांनी त्याचा पद्धतशीर कार्यक्रम उभा केला. आज त्याला पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात. सहा ते आठ आठवडे किंवा जास्त, देखरेखीखाली चालणं, हातापायांचा व्यायाम, श्वासाचं तंत्र आणि आजाराची माहिती. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा ६५ चाचण्या आणि ३८२२ रुग्ण होते. दम आणि थकवा कमी झाला, आणि सहा मिनिटांत रुग्ण सरासरी ४४ मीटर जास्त चालू लागले.

दुसरा एक अभ्यास कोपनहेगनचा आहे, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला. आठवड्याला दोन तास किंवा जास्त चालणाऱ्या वा सायकल चालवणाऱ्या रुग्णांमध्ये इस्पितळात भरती होण्याचं आणि श्वसनाच्या आजाराने मरण्याचं प्रमाण ३० ते ४० टक्के कमी दिसलं. तुमच्यापैकी कोणी विचारेल, जे आधीच कमी आजारी आहेत तेच जास्त चालत असतील ना? बरोबर आहे. नुसत्या निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही. म्हणून मी आधी चाचण्यांचं सांगितलं. तिथे कोण व्यायाम करणार हे चिठ्ठी टाकून ठरवलं होतं.

आता अब्बांचं सांगतो. मिरजेच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्टने पहिल्या दिवशी त्यांना सहा मिनिटं चालवलं. ३० मीटरचा व्हरांडा, दोन टोकांना खुणा, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र. अब्बा २७० मीटर चालले आणि मध्ये दोनदा थांबले. आठ आठवड्यांनी ३२५ मीटर चालले, न थांबता. फुंकर मारायची स्पायरोमेट्री पुन्हा केली, तर आकडा जवळपास तोच. अम्मी म्हणाली, 'मग फरक काय पडला?' अब्बा म्हणाले, 'फरक? काल मी स्वतः दूध आणलं.'

फिजिओथेरपिस्टने जे शिकवलं ते साधं आहे. नाकाने श्वास घ्यायचा, आणि चहावर फुंकर घालतो तसे ओठ आवळून दुप्पट वेळ लावून सोडायचा. जिना चढताना किंवा वजन उचलताना श्वास रोखायचा नाही, जोर लावताना सोडायचा. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर व्यायामाआधी इनहेलर घ्यायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, आधी पाच वेळा, मग वाढवत न्यायचं. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन दंडाचा व्यायाम. चालताना दम लागला पाहिजे, पण तुटक का होईना बोलता आलं पाहिजे. दहापैकी चार ते सहा एवढा दम चालतो.

कधी थांबायचं हेही त्यांनी लिहून दिलं होतं. छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळसर झाले किंवा ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला, तर थांबायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. हृदयाचा आजार असेल तर तपासणीशिवाय सुरुवातच करायची नाही.

मला वाटलं होतं अब्बांसाठी एक ॲप बनवावं. त्यांनी चौरेघी वही मागितली. तारीख, पावलं, दम. फोन खिशात, पावलं फोन मोजतो, आकडा ते लिहितात. पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही, फक्त मोजायचं. मग थोडं थोडं वाढवायचं. दिवसाला ६०० ते ११०० पावलं वाढली तरी या आजारात तो फरक महत्त्वाचा मानतात.

आता आपल्याबद्दल. मशिदीत जाणं हा आपल्या बुजुर्गांचा रोजचा व्यायाम असतो, आणि दम लागू लागला की तोच आधी सुटतो. वाकल्याने दम वाढत असेल तर खुर्चीवर नमाज पढण्याची सवलत आहे, ती घ्यावी. पण खुर्ची घरात आली म्हणून रस्ता बंद व्हायचं कारण नाही. शक्य असेल त्या एका वेळी चालत जावं, सोबत नातवाने असावं.

बायकांचं दुखणं याहून मोठं आहे. चुलीसमोर बसलेल्या त्या, आणि चालायला जागा नाही तीही त्यांनाच. अम्मी म्हणते, 'या वयात फिरायला निघाले तर लोक काय म्हणतील?' लोकांनी काय म्हणायचं ते आपण तरुणांनी ठरवायचं आहे. सकाळी आईला, खालाला, नानीला घेऊन बाहेर पडा. चार घरांतल्या चौघी एकत्र निघाल्या की कोणी काही म्हणत नाही.

तुमच्याकडे तीन गोष्टी मागतो. घरात कोणाला महिनोन्महिने खोकला आणि दम असेल तर 'वय झालं' म्हणून सोडू नका, स्पायरोमेट्री करून घ्या. ती सुईशिवाय होते, फक्त जोरात फुंकायचं असतं. दुसरं, 'बसा' म्हणायच्या ऐवजी 'चला, मी बरोबर येतो' म्हणा. तिसरं काम नगरसेवकाकडे आणि मशिदीच्या ट्रस्टकडे घेऊन जायचं आहे. दम लागणारा माणूस घराबाहेर पडत नाही, कारण मध्ये टेकायला जागा नसते. आपल्या मोहल्ल्यातून मशिदीपर्यंत आणि बाजारापर्यंत दर शंभर पावलांवर एक बाक हवा. सावलीत असला तर उत्तम. त्यासाठी अर्ज एका पानाचा लागतो. या शिबिरातून घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात तो लिहा.