मोजणी गावाची, नोंद माणसांची
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



मी पंडित नव्हे, तहसील कचेरीत रकाने भरणारा कारकून. म्हणून माझ्याच कामातला विषय घेतो : खानेसुमारी.

आपले राजूर गाव की शहर? कारभार ग्रामपंचायतीचा, म्हणून गाव. पण २०११ च्या जनगणनेत राजूरची नोंद शहर म्हणून आहे. वस्ती किमान पाच हजार, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसे आणि कामकरी पुरुषांत शेकडा पंचाहत्तर शेतीबाहेरचे, असा तो नियम. कोळशाच्या खाणीने आणि चुन्याच्या भट्ट्यांनी येथे मुलुखामुलुखाचा माणूस आणला. १९७३ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तोवर कॉलरी आणि गाव एकमेकांत मिसळून गेले होते.

आता एक नवल ऐका. माणसे तीच राहतात, तरी आकडा बदलतो. १९७६ पर्यंत गोंड समाजाला जमातीची मान्यता ठरावीक तहसिलींतच होती. आपल्या जिल्ह्यात वणी, केळापूर आणि यवतमाळ, एवढ्याच. म्हणजे वणीकडचा गोंड यादीत, आणि वर्धा नदीपलीकडे वरोऱ्याचा त्याचाच सोयरा यादीबाहेर! १९७६ च्या कायद्याने हे बंधन उठले. महाराष्ट्रात १९७१ साली सुमारे साडेएकोणतीस लाख असलेली अनुसूचित जमातींची संख्या १९८१ मध्ये सुमारे अठ्ठावन्न लाख झाली. एवढी लेकरे दहा वर्षांत जन्मली नाहीत. नियम बदलला, हे त्याचे मोठे कारण.

दुसरे उदाहरण. १९५६ साली नागपुरास धम्मदीक्षा झाली. त्यानंतर ज्यांनी धर्म बौद्ध लिहिला, ते जनगणनेत अनुसूचित जातींत धरले जात नसत. १९९० साली कायदा दुरुस्त झाला. राज्यात १९८१ साली शेकडा सुमारे सात असलेले प्रमाण १९९१ ला सुमारे अकरा झाले. माणसे होतीच, कागदावर नव्हती.

कागदावर नसल्याने काय बिघडते? ग्रामपंचायतीच्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. शाळा, दवाखाना, पाणी यांचा हिशेबही याच आकड्यावर बसतो. सुटलेले घर दहा वर्षे सुटलेलेच राहते. आणि २०२१ ची गणना वेळेवर न झाल्याने ही दहा वर्षेही लांबली.

पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा दिवस सरकारने ठरविला आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्वांची जात विचारण्याचे ठरले आहे. नियम आपल्या हाती नाहीत, उत्तर मात्र आपल्या हाती आहे. घरात गोंडी, कोलामी, तेलुगू, हिंदी, जी बोली असेल तीच सांगा. चारचौघांत बरे दिसावे म्हणून मराठी लिहून देऊ नका. आपली मराठी एवढी दुबळी नाही की तिला दुसऱ्याच्या मायबोलीचा आकडा उसना घ्यावा लागेल. भाडेकरू, एकटी राहणारी म्हातारी, भट्टीवरचा मजूर, यांपैकी कुणाला वगळू नका.

देवळाच्या वर्गणीसाठी आपण दाराला दार लावून फिरतो. एक घर सुटले तर रुसवा होतो. तेवढीच काळजी या मोजणीची घ्या. देवासमोर सगळे सारखे म्हणतो, तर मोजणीतही कुणी उणा राहू नये.